एक मिनिट चार सेकंद

११ फेब्रुवारी

घसा पार बसला आहे. लकडगंजच्या टालीवर आज शूटिंगचा शेवटचा दिवस होता आणि मी दिवसभर ओरडत होते. नागपूरच्या माणसाला 'गप्प राहा' म्हटलं की तो आधी शेजाऱ्याला विचारतो, ही बाई काय म्हणून राहिली? मग शेजारी समजावतो, आणि तिसरा त्या दोघांना मोठ्यानं दटावतो. तोवर माझं रेकॉर्डिंग वाया गेलेलं असतं.

जितेंद्रचा सिनेमा मारधाडीचा आहे, आवाजाचं काम माझ्याकडे. नायकाच्या बहिणीला पळवलंय. तिला शोधत तो लाकडाच्या टालीत शिरतो. दोन्ही बाजूंना सागाच्या उंच थप्प्या, आणि त्यांतल्या एकीमागे खुनी दबा धरून बसला आहे. नायकाला ते ठाऊक नाही, प्रेक्षकाला आधीच दाखवलं आहे. सगळी गंमत तिथंच आहे. जितेंद्र अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा करतोय, पण एवढं त्याला कळतं.

शेवटच्या थप्पीमागे दोर धरून देवाजी बसला होता. टालीवरचा जुना कामगार, साठीला टेकलेला. जितेंद्रनं रुमाल हलवला की फटीतून बघायचं आणि दोर ओढायचा, म्हणजे वरचे चार ओंडके गडगडत खाली येतात. सकाळी तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "बाई, त्या कानटोपात तुमी काय ऐकता?" मी म्हटलं, "सगळं. तुमचा श्वाससुद्धा." तो हसला. म्हणाला, "मंग जपून घेतो."

शॉट छान झाला. नंतर मी माझी शांतता घेतली. प्रत्येक जागेची आपली शांतता असते. स्वयंपाकघराची वेगळी, विहिरीची वेगळी. ती घेऊन ठेवली नाही आणि संवादांखाली अंथरली नाही, तर दर तुकड्याला प्रेक्षकाच्या कानाला ठेच लागते. म्हणून एक मिनिट युनिटमधल्या प्रत्येकानं आहे तिथं थिजून उभं राहायचं. खोकला आला तर गिळायचा. हा नियम माझा आहे आणि मोडणाऱ्याची मी गय करत नाही.

पहिल्या खेपेला कुणीतरी लाकडावर ठोकत बसलं. टक्, टक्. मी सहन केलं, सहन केलं आणि मग जी ओरडले! "ऐकू येतंय मला! बस करा आता!" ठोकणं चटकन थांबलं. दुसऱ्या खेपेला एक मिनिट चार सेकंद, अशी शांतता अठरा वर्षांत मिळाली नव्हती. अंगावर काटा आला. मग जेवणाची सुट्टी झाली आणि मी सामान गुंडाळून घरी आले. फायलींना नावं दिली: शांतता १, खराब. शांतता २, उत्तम.

१२ फेब्रुवारी

सकाळी जितेंद्रचा फोन आला. "कामिनी, देवाजी गेला वं." जेवणाच्या सुट्टीत अटॅक आला म्हणे. त्याचा जोडीदार प्रेमानंद त्याला जेवायला बोलवायला गेला, तर तो थप्पीला पाठ टेकून बसलेला, दोर हातातच होता.

इंदोरा वस्तीत त्याच्या घरी जाऊन आले. त्याची बायको भीमाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू होती ना तिथं? सकाळी काही खाल्लं होतं का त्यानं?" मला काय ठाऊक. मी म्हटलं, "हो, पोहे खाल्ले. झणझणीत तर्री घालून." ती मान हलवत राहिली. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतं?

वाईट वाटलं. हसरा माणूस होता.

३ मार्च

आजपासून आवाजाचं काम सुरू केलं. धरमपेठेतल्या माझ्या मागच्या खोलीत, भिंतींवर आईच्या गोधड्या टांगलेल्या. ऊन तापायला लागलं आहे आणि माझ्या धंद्यात कूलर बंद ठेवावा लागतो, त्यामुळे जूनपर्यंत मी उकडलेली असणार.

जितेंद्र शेवटच्या प्रसंगाला ढोल-ताशे घालून आला होता. मी ते सगळे काढले. चिडला. मी त्याला समजावलं की भीती गोंगाटानं वाटत नाही. आधी लांबच्या आरा मशीनची घरघर ऐकवायची, इतकी हलकी की ती आहे हे कुणाला कळूही नये. प्रेक्षकाच्या पोटाला तिची सवय होऊ द्यायची. मग नायक शेवटच्या थप्पीजवळ आला की ती घरघर टपकन बंद. काही वाढवायचं नाही, फक्त एक काढून घ्यायचं. आणि चित्राचा तुकडा, कापावासा वाटेल तिथून आणखी चार सेकंद तसाच ठेवायचा. माणूस वाट पाहायला लागला की तो आपल्या ताब्यात आला. तणाव म्हणजे दुसरं काही नाही, कुणीतरी येणार आहे आणि येत नाहीये, एवढंच.

"आन् तिथं ऐकू काय येईन?" तो म्हणाला.

मी शांतता २ लावली. ती संपल्यावर तो म्हणाला, "पुन्हा लाव."

२८ मार्च

ओळखीच्या चाळीस जणांना कच्चा सिनेमा दाखवला. सकाळचा खेळ, सीताबर्डीतला एक छोटा हॉल. मी पडद्याकडे बघत नाही, लोकांच्या पाठीकडे बघते. शेवटच्या थप्पीपाशी घरघर थांबली आणि चाळीस पाठी ताठ झाल्या. एका बाईनं नवऱ्याच्या मनगटात नखं रुतवली. पडद्यावर तर नुसती लाकडं!

बाहेर आल्यावर जितेंद्रचे काका म्हणाले, "ते आवाज नाही तिथं काय केलं गा तुमी? मले असं वाटून राहिलं होतं का तिथं मागं सच्ची कोणी आहे."

मी नसलेल्या मिशांना पीळ दिला. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. हा सिनेमा चालला तर पुढचा माझ्या अटींवर.

एक नोंदून ठेवते. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास त्या शांततेत काहीतरी बारीक आहे. कापड घासल्यासारखं. घरी येऊन सहा वेळा ऐकलं. पारवा असेल.

१ एप्रिल

जितेंद्रला हाव सुटली. आता म्हणतो, शांतता बेस्ट आहे, पण आत एखादा ठोका टाक. थप्पीमागून. खुन्याच्या हातातला लोखंडी रॉड लाकडाला लागून राहिला, असं वाटलं पाहिजे.

मी पाटावर, दारावर, पलंगावर, हातोडीनं, लाटण्यानं ठोकून पाहिलं. सगळे ठोके खोटे. मग आठवली शांतता १, ती खराब झालेली. तिच्यात सात ठोके आहेत. पहिले चार सारख्या अंतरानं, चांगले ठसठशीत. पाचवा जरा उशिरा. सहावा आणखी उशिरा, आणि हलका. कान सातव्याची वाट बघतो, तो येत नाही, येत नाही, आणि सोडून द्यावं तेव्हा येतो, अगदी जेमतेम. त्यानंतर माझं ओरडणं, तिथं कापलं. पुढे शांतता २ जोडली. सांधा कुठे आहे हे मलासुद्धा सापडत नाही.

कुठल्या नटाकडून असे ठोके वाजवून घेता आले नसते. ठोकणारा कोण होता देव जाणे, त्याला चहा पाजला पाहिजे.

आता हा प्रसंग मी स्वतः बसून पूर्ण ऐकू शकत नाही. इतका चांगला झाला आहे.

५ एप्रिल

कूलरची जाळी टपटपते. अधूनमधून, सारख्या अंतरानं नाही. भर दुपारी दोनदा उठून बंद केला. घाम चालेल, पण ते टपटपणं नको. बहुतेक कान थकलेत. दोन दिवस काम करणार नाही.

९ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

टालीवरच्या कामगारांच्या हाकांसाठी प्रेमानंदला बोलावलं होतं. खऱ्या माणसाच्या खऱ्या हाका हव्या होत्या. नेमकं कुठे ओरडायचं ते कळावं म्हणून त्याला प्रसंग लावून दाखवला. पहिला ठोका, दुसरा, तिसरा. पाचव्याला तो खुर्चीतून उठला, दाराकडे दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "कोण अडकलं?"

मग त्याला स्पीकर दिसले. ओशाळला, खाली बसला. म्हणाला, "सवय आहे, बाई. आरा चालू असला का हाक ऐकू येत नाही. म्हून लाकडावर ठोकायचं. दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे उचला. आन् एक-एक, थांबून थांबून ठोकलं का समजायचं, माणूस अडचणीत आहे, धावा. हे तुमी कोणाले विचारून केलं?"

मी म्हटलं, आम्हीच बनवलं. पण माझा चेहरा बनवता येत नाही मला. त्यानं विचारलं, "कोणत्या दिवसाचं आहे?"

"अकरा फेब्रुवारी. शेवटच्या शॉटनंतरचं."

त्यानं पंजे गुडघ्यांवर टेकवले. मग म्हणाला, "मी थप्पीपासून वीस पावलांवर उभा होतो. ऐकलं होतं मी. मले वाटलं, सिनेमातलं असन. आन् तुमी कोणी हलू नका म्हटलं होतं."

माझ्या ओरडण्याबद्दल तो काही बोलला नाही. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, काहीतरी सांगावंसं वाटलेलं दिसलं, पण चहा न घेताच गेला.

१० एप्रिल

अकरा फेब्रुवारीचं पान काढून वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. 'ठोकणं चटकन थांबलं.' खाली किती खुशीत लिहिलंय.

माझा दरारा बघा. मरणारा माणूससुद्धा घाबरून गप्प बसला.

१४ एप्रिल

सकाळपासून रस्त्यानं मिरवणुका. ढोल, गाणी, जयजयकार. खिडक्यांची तावदानं हलत होती. शांततेचा कणसुद्धा नाही कुठे. दुपारी आठ दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

संध्याकाळी गर्दी पांगली आणि पुन्हा टक्.

२० एप्रिल

जितेंद्रला सांगितलं. तो डोकं धरून बसला. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं होतं, मोठा अटॅक होता. एक मिनिटानं काय फरक पडला असता वं?"

एक मिनिट म्हणजे किती असतं हे मला विचार. त्यावरच पोट भरते मी. एका मिनिटात आख्खा हॉल श्वास धरून बसतो.

"काढायचं असन तर काढ," तो म्हणाला, "पण त्या जागी काय टाकशील?" माझ्याच्यानं काढवलं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण इथं खोटं कुणासाठी लिहू? ते काढलं तर तो प्रसंग मरतो. रोज बसते, बोट बटणावर ठेवते आणि उठते. भीमाबाईकडे जायचं म्हणून दोनदा रिक्षात बसले आणि दोन्ही वेळा मधेच उतरले.

३ मे

आज तीच आली.

अकरा वाजता दार वाजलं. दारात भीमाबाई, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, उन्हानं तोंड लाल झालेलं. "जय भीम, बाई. प्रेमानंद म्हणे, तुह्याजवळ त्याचा ठोका आहे म्हून."

तिला बसवलं, पाणी दिलं. कूलर लावला, तर म्हणाली, "बंद कर ना. ऐकायचं आहे मले."

मी फाईल काढत होते आणि मनात हिशेब चालू होता. सात ठोके संपले की माझं ओरडणं यायला सव्वा सेकंद आहे. तेवढ्यात बटण दाबलं की झालं. सिनेमात कापलंच आहे. तिला कधीच कळणार नाही. बोट बटणावर ठेवलं.

ती माझ्या बोटाकडे बघत होती. म्हणाली, "तर्री तो खातच नव्हता. अॅसिडिटी होती त्याले. त्या दिवशी तू म्हटलं ते बरं वाटलं मले. पण आज तसं नको करू."

मी बोट काढून मांडीवर ठेवलं.

सात ठोके झाले. मग माझा आवाज, खोलीभर, कर्कश. ऐकू येतंय मला, बस करा आता. आणि मग काही नाही.

मी तिच्या पायांकडे बघून बोलले. म्हटलं, "मी ओरडले म्हणून ते थांबले. मला घाबरून थांबले. मी गेले असते तर..." पुढे बोलता येईना. रडू फुटलं, नाक वाहायला लागलं. आपल्याला रडायचा काय अधिकार, असंही वाटत होतं.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "घाबरून नाही थांबला तो. मी बी वीस वर्षं त्या टालीवर भुसा भरला. ठोका ऐकला का बाहेरच्यानं जोरानं ओरडून सांगायचं असते, ऐकलं म्हून. मंग आतल्यानं ठोकणं बंद करायचं, जोर वाया नाही घालवायचा, बसून राहायचं. माणूस येऊन राहिला असते."

मी नाक पुसून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"ऐकू येते मले, असं म्हटलं ना तू? मंग तो कायले ठोकन? त्याले वाटलं, बाई येऊन राहिली."

मग म्हणाली, "त्याच्या पुढचं आहे का?"

"आहे. एक मिनिट चार सेकंद."

"लाव."

दोघी बसून ऐकलं. मी ते शंभरदा ऐकलं असेल. चाळिसाव्या सेकंदाला ते कापड घासल्यासारखं आलं, तशी ती डोळे मिटूनच म्हणाली, "टेकला." आणि मी तिथं पारवा बसवला होता.

संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. मी विचारलं, सिनेमातून काढू का. ती म्हणाली, "काढ. लोक भेतीन, आन् घरी जाऊन जेवतीन. त्यानं कोणाले भेव दाखवायले नाही ठोकलं, बाई."

जाताना फोन पुढे केला. ठोके तिला हवे होते. आणि माझा आवाजही, तो ठेव म्हणाली. "तुह्या आवाजापावतर दे. तितपावतर बरा होता तो, कोणी ऐकलं म्हून. पुढचं मले नको. पुढचं तुह्याजवळ राहू दे."

ते ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.

४ मे

काढलं. ठोके आणि शांतता दोन्ही. शेवटच्या थप्पीपाशी आता पोकळ जागा आहे. जितेंद्रनं एकदा बघितलं आणि म्हणाला, "चाळीस लोकांपैकी एकाचीही पाठ ताठ होणार नाही आता." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे. टालीवर जाऊन दुसरी घे."

शांतता २ चं नाव बदललं. 'उत्तम' खोडलं. काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून नुसती तारीख लिहिली आहे.

१९ मे

टालीवर गेले. ऊन असं की लोखंडाला हात लागेना. मालकानं जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आरा बंद ठेवायचं कबूल केलं होतं. प्रेमानंद फाटकाशी उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून.

शांतता म्हणायच्या आधी मी एकेका थप्पीमागे जाऊन बघितलं. सगळ्या बघितल्या. शेवटच्या थप्पीमागे बसायची जागा आहे, दोन ओंडक्यांच्या मधे, आणि समोर फट. फटीतून मी त्या दिवशी उभी होते ती जागा स्पष्ट दिसते. मी तिथं असते तर मला मी दिसले असते, कानटोप घालून, रेकॉर्डरकडे खाली बघत उभी. थोडा वेळ तिथं बसले.

मग परत येऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. वीस सेकंद चांगले गेले. पंचविसाव्याला कुठूनतरी ठोका आला. टक्. मग थांबून आणखी एक.

हेडफोन कधी फेकला, रेकॉर्डर कधी पडला, ठाऊक नाही. मी भुशातून, सालींवरून धावत होते. मागच्या कुंपणापाशी एक बाई उकिडवी बसून लाकूड तासायच्या वासल्यानं ओंडक्याची साल काढत होती. सुट्टीत कुणी आत नाही असं मालक म्हणाला होता, ती आत असल्याचं त्याला ठाऊकच नसणार. माझ्याकडे बघून दचकली, वासला खाली ठेवला.

"काय झालं वं बाई? काहून पळून राहिली?"

मला धाप लागली होती. तिचे हात बघितले, तोंड बघितलं, धडधाकट होती.

"काही नाही," मी म्हटलं, "ऐकू आलं, म्हणून आले."